कोपऱ्यावरचं घर आणि स्पंजाचं झाड

नगररचना कार्यालयाच्या संशोधन कक्षात बेबीचा हुद्दा मोठा होता आणि टेबल लहान. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. घरी मात्र चाळिशी उलटली तरी ती बेबीच होती, कारण ते नाव मावशीने ठेवलं होतं आणि मावशीने ठेवलेली वस्तू जागची हलवायची कोणाची छाती नव्हती.

बेबीचा विषय होता लोकसहभाग. शहराचा आराखडा करायचा तर आधी शहरात राहणाऱ्यांना विचारा, असं ती वर्षानुवर्षं लिहीत आली होती. लेख छापून येत, परिषदांमध्ये लोक माना डोलावत. अडचण एवढीच होती, की लोकांना विचारायला जावं तर लोकच येत नसत. दर प्रदर्शनाला ठरलेली मंडळी. उन्हातून एसीत शिरलेले दोघं-तिघं, चहा कुठे आहे ते विचारणारे एक निवृत्त गृहस्थ, आणि बाथरूम कुठे आहे ते विचारून निघून जाणारी एखादी बाई. सूचनापेटी उघडली की आत बसचं तिकीट आणि गोळीचा कागद निघायचा. एका वर्षी खरोखर चिठ्ठी निघाली. बेबीने ती धडधडत्या छातीने उलगडली. आत लिहिलं होतं, "पंखा आवाज करतो." बेबीने पंख्याला तेल घालून घेतलं आणि अहवालात लिहिलं, 'नागरिकांच्या सर्व सूचनांवर कार्यवाही पूर्ण.'

यंदा मात्र साहेबांनी मनावर घेतलं. नकाशे लोकांना कळत नाहीत, तर सबंध शहराचं मॉडेलच करून मांडू या, असं ठरलं. मॉडेल करणाऱ्या मिस्त्रीने महिनोन्महिने खपून खोलीभर पसरेल एवढं शहर उभं केलं. फोमची घरं, काचेची नदी, स्पंजाची झाडं. एकेक घर अंगठ्याच्या नखाएवढं, पण खिडक्या मोजून घ्याव्यात.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी ते शहर तुकड्यातुकड्यांनी हॉलमध्ये आणलं जात होतं. बेबी दोन्ही हात पसरून दारात उभी राहून "सांभाळून, सांभाळून!" असं ओरडत होती. ओरडता ओरडता ती वळली, आणि तिचा उजवा कोपर शहराच्या ईशान्य भागाला लागला. एका गल्लीच्या कोपऱ्यावरचं घर टुणकन उडालं, फरशीवर दोन कोलांट्या खाऊन थांबलं, आणि तेवढ्यात सफाईवाल्याच्या मशीनने ते गिळलं. खळ्ळ, एवढाच आवाज झाला.

मशीनची पिशवी उघडून बेबी आणि मिस्त्री बराच वेळ धुळीत हात घालून बसले. एक बटण मिळालं. घर नाही.

"दुसरं करता येईल?" बेबीने विचारलं.

"त्या रंगाचा फोम संपलाय, मॅडम. मागवायला चार दिवस." मिस्त्रीने खिसा चाचपला. "झाड आहे एक. लावू?"

"घराच्या जागी झाड? कोणी विचारलं तर?"

मिस्त्रीने झाड खिशातून बाहेर काढलं. मागच्या सगळ्या प्रदर्शनांना तोही हजर होता.

"कोण येतंय, मॅडम?"

झाड लागलं. खरं सांगायचं तर घरापेक्षा ते छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घाम पुसत तिच्या टेबलापाशी आले. "आयुक्त येणारेत, मॅडम. खुर्च्या रिकाम्या दिसून चालणार नाही. तुमचं कोणी नातेवाईक वगैरे नाही का गावात?"

बेबीच्या नात्यातलं गावात होतं ते एकच घर, मावशीचं. आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं होतं. मावशी फोनवर "आलेच" म्हणाली आणि खरंच आली. ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स आणि मागे काका. काका म्हणजे मावशीचे यजमान. सगळी हयात त्यांनी "बरं" या एका शब्दावर काढली होती. मावशीचा आवाज असा, की ती स्वयंपाकघरातून काकांना हाक मारायची तेव्हा शेजारची तीन घरं "ओ" द्यायची. काकांना वेगळं बोलायची गरजच पडली नव्हती.

आयुक्त आले. बेबीने माइक हातात घेतला. समोर दहा-बारा माणसं पाहून तिला हुरूप आला आणि ठरवलेल्यापेक्षा ती जरा जास्तच बोलून गेली. "या मॉडेलमध्ये शहरातलं प्रत्येक घर जसंच्या तसं आहे! या, आपलं घर शोधा!"

टाळ्या पडल्या. बाकीचे चहाकडे वळले. सांगितलेलं काम लगेच केलं ते एकट्या मावशीने. चष्मा नाकावर चढवून ती शहरावर वाकली.

"हा पूल. ही शाळा. अगं बाई, ही आमची बेकरी! हा त्या दातवाल्याचा दवाखाना, मेला अगदी हुबेहूब आहे. म्हणजे त्याच्यासमोर..."

मावशी गप्प झाली. हे इतकं दुर्मिळ होतं, की काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बेबी, माझं घर कुठंय?"

मावशीचं बोट झाडावर टेकलं होतं. काल उडालेलं ते घर, ज्यात ती लहानाची मोठी झाली, ते तिला ओळखूसुद्धा आलं नव्हतं. वरून पाहिल्यावर सगळीच घरं सारखी दिसतात.

आवाज ऐकून आयुक्त वळले. साहेबही वाकून पाहू लागले. बेबीला सरळ सांगता आलं असतं, की माझा कोपर लागला. पण 'जसंच्या तसं' म्हणून तिला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. तिची जीभ सवयीने ऑफिसच्या वळणावर गेली.

"ते... प्रस्तावित आहे."

नगररचना कार्यालयात या शब्दाला काडीची किंमत नाही. तिथे निम्मं शहर तीस वर्षं प्रस्तावितच आहे. पण घरमालकाच्या कानाला तो शब्द बुलडोझरसारखा ऐकू येतो. त्यातून साहेब. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"हो, हो," ते म्हणाले. "हरित कोपरा. आमच्या विचाराधीन आहे."

"छान कल्पना," आयुक्त म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मावशीने पर्स खांद्यावर घट्ट केली. "चला हो," ती काकांना म्हणाली.

"बरं," काका म्हणाले.

संध्याकाळी बेबी घरी आली, तर दारात दोन बॅगा, एक उशी आणि मावशी. काका जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"घर जाणारच आहे, तर सवय करून घ्यावी म्हटलं," मावशी म्हणाली.

बेबीचं घर म्हणजे एक खोली आणि ओटा. अशा घरात तीन माणसं कशी सुखाने राहू शकतात, यावर तिचा एक गाजलेला निबंध होता, सोबत रेखाचित्रं. रेखाचित्रातली तिन्ही माणसं सडपातळ होती आणि त्यातलं एकही घोरत नव्हतं.

"मावशी, ऐक. तसं काही नाहीये. ते झाड चुकून..."

"चुकून? आयुक्त 'छान' म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"अगं, पण माझा कोपर..."

"तू यात पडू नकोस. तुझी नोकरी आहे." मावशीने प्रेमाने तिचा गाल दाबला. "माझं मी बघते." आणि तिने फोन उचलून गल्लीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.

सकाळी बेबी ऑफिसला पोचली तेव्हा दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. आधी तिला वाटलं, शेजारच्या दुकानात सेल लागला असेल. रांग तिच्याच हॉलमध्ये शिरत होती. मावशीची गल्ली सगळीच्या सगळी आली होती, आणि त्या गल्लीचे नातेवाईक ज्या ज्या गल्ल्यांत राहत होते त्या गल्ल्याही आल्या होत्या. कोणी भिंग आणलं होतं, कोणी टॉर्च. "माझी गॅलरी कुठंय?" "आमच्या दारात खांब का दाखवलाय?" "हा खांब नाही हो, टाचणी आहे." एका गृहस्थांचा परवानगी घेऊन बांधलेला वरचा मजला मॉडेलमध्ये नव्हता, म्हणून ते तावातावाने भांडत होते. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांचा परवानगी न घेता बांधलेला मजला मात्र खिडक्यांसकट होता, आणि ते मिस्त्रीला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात विनवत होते, "तेवढा काढता येईल का?"

मिस्त्री बेबीजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, आले."

सूचनापेटी दुपारपर्यंत भरली. मग पोतं लावलं. साहेब हॉलच्या दारात उभे राहून आनंदाने गहिवरले होते. "लोकसहभाग!" ते जो भेटेल त्याला सांगत होते. "आमच्या मॅडमचा विषय!"

बेबीची अवस्था अवघड झाली. आयुष्यभर जे व्हावं म्हणून ती झिजली ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि ते का घडतंय हे तिला एकटीला ठाऊक होतं. एकटीला आणि मिस्त्रीला. मिस्त्री तोंड उघडणार नव्हता. त्याला हार्डवेअरच्या दुकानदारापासून मावशीपर्यंत सगळे पहिल्यांदाच 'इंजिनियरसाहेब' म्हणत होते.

गल्लीत मात्र दोन तट पडले. एका बाजूला मावशी. दुसऱ्या बाजूला दातवाले. हे डॉक्टर मावशीच्या घरासमोरच राहत आणि तिथेच दात काढत. फार पूर्वी त्यांनी मावशीचा दुखरा दात सोडून त्याच्या शेजारचा काढला होता. तेव्हापासून समोरासमोर राहूनही दोघांत शब्द नव्हता. समोर झाड येणार म्हटल्यावर डॉक्टरांना निसर्गाचा पुळका आला. दवाखान्याच्या दारावर त्यांनी पाटी लावली, 'हिरव्या कोपऱ्याला पाठिंबा द्या.' दाढ दाखवायला येईल त्याची सही घेऊ लागले. तोंडात आरसा आणि चिमटा असताना नाही कोण म्हणणार?

बेबीच्या घरी मावशीची कचेरी सुरू झाली. येणारे-जाणारे बेबीच्या पलंगावर बसत. बेबी ओट्याला टेकून उभ्याने चहा पीत होती, आणि आपल्या निबंधातल्या रेखाचित्रात पाहुणे काढायचेच राहिले, हे तिच्या ध्यानात येत होतं. दर रात्री ती ठरवायची, उद्या सांगून टाकू. पण मावशीकडे पाहिलं की तिचा धीर सुटायचा. मावशी दहा वर्षांनी लहान दिसत होती. "आपल्या गल्लीचा प्रश्न आहे," असं म्हणून ती फोनवर असा हात उडवायची, की पलीकडच्याला तो दिसत असावा.

आलेल्या हरकतींवरच्या सुनावणीचा दिवस आला. हॉल गच्च भरला. मधे मॉडेल, पलीकडे टेबलाशी आयुक्त, साहेब आणि नोंदी घेणारा कारकून. बेबी मॉडेलच्या कडेला हात पाठीमागे बांधून उभी होती. हल्ली ती मॉडेलजवळ तशीच उभी राहायची.

आधी दातवाले उठले. "माझं कोणाशी वैर नाही. पण म्हातारी माणसं, लहान मुलं, मोकळी हवा, याचा विचार करून त्या बाईंनी मोठ्या मनाने..."

"आधी माझा दात परत द्या," मावशी जागेवरून म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. "हरकत दाताबद्दल आहे, की घराबद्दल?"

"दोन्हीबद्दल लिहा."

मग मावशी बोलली. माइक बंद होता हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिने त्या घरात काय काय सोसलं आणि काय काय साजरं केलं, बेबी पहिल्यांदा कुठल्या उंबऱ्यावर पडली, हे सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दातवाल्यांच्या बाजूच्या दोघांनीही. "आणखी कोणाला काही?" आयुक्तांनी विचारलं.

काका उठले.

मावशीने चमकून पाहिलं. गल्लीतल्या लोकांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. काकांचा आवाज कसा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"लोकांच्या कामी येत असेल तर घ्या घर," काका म्हणाले. "आमचं काय, दोन माणसं. फक्त तोडायला येतील त्यांना एक सांगा. मागचा नळ बंद करताना उलटा फिरवावा लागतो. मीच बसवलाय, तेव्हा चुकला. सरळ फिरवला तर हातात येतो आणि सगळं घर ओलं होतं."

एवढं बोलून ते खाली बसले. घर पाडताना ते ओलं होऊ नये, याची त्या माणसाला काळजी होती. कोणी हसलं नाही. बेबीला तो नळ डोळ्यांसमोर दिसला. शाळेला जाताना तिनेच तो कितीदा सरळ फिरवला होता, आणि काकांनी एका शब्दाने न बोलता किती वेळा फरशी पुसली होती.

"घर मी पाडलं," बेबी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"म्हणजे हे. मॉडेलमधलं. आणताना माझा कोपर लागला, घर पडलं, मशीनमध्ये गेलं. दुसरं नव्हतं म्हणून झाड लावलं. काहीही प्रस्तावित नाहीये. हरित कोपरा वगैरे काही नाही. कोणाचंही घर जाणार नाहीये. माझा कोपर लागला, बस."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि मॉडेलवर टाचण्या भरपूर होत्या. साहेब छताकडे पाहू लागले.

"कोपर?" मावशीने विचारलं.

"हो."

"उजवा?"

"हो, मावशी."

मावशी लोकांकडे वळली. "लहानपणापासून हिचा उजवा कोपर असाच आहे. दुधाची पातेली किती गेली त्याला हिशेब नाही. हिच्या बारशाची समई..." आणि हॉलमध्ये हशा पिकला. आयुक्तसुद्धा रुमाल तोंडाशी धरून हसले. कारकून लिहायचं थांबवून हसत राहिला. दातवाल्यांना हसायचं नव्हतं, पण त्यांनाही आवरेना.

हसू ओसरू लागलं तेव्हा बेबीने पाहिलं, मावशी तेवढी हसत नव्हती. पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत ती खुर्चीत बसली होती.

"म्हणजे आमचं घर कोणाला नकोच होतं," ती म्हणाली, आणि त्यात सुटका झाल्याचा आनंद फारसा नव्हता.

बेबी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "मला हवंय गं," ती म्हणाली. "मला वरून ओळखता आलं नाही, एवढंच."

मावशीने तिच्या डोक्यावर टपली मारली. टपली जरा जोरातच होती. आठवडाभराचं व्याज त्यात होतं.

मागून बेकरीवाली उठली. "म्हणजे झाड येणारच नाही का आता? आम्ही घरी मुलांना सांगून बसलोय."

गल्लीत कुजबुज सुरू झाली. इतके दिवस झाडाच्या नावाने भांडल्यावर ते मुळातच नव्हतं, हे कोणाच्या पचनी पडेना. झाडाच्या बाजूचे हळहळलेच, पण विरोधातलेही हळहळले.

मावशीने डोकं वर केलं. डोळ्यांत पुन्हा ती चमक आली. ती तडक मॉडेलपाशी गेली. बेबी पटकन बाजूला सरली.

"झाड तर पाहिजेच," मावशी म्हणाली. "जागा मी दाखवते." तिचं बोट रस्ता ओलांडून दातवाल्यांच्या दारासमोरच्या फुटपाथवर टेकलं. "इथे. इथे या डॉक्टरांची गाडी उभी असते. फुटपाथ चालायला असतो ना, बेबी? तूच लिहिलंयस."

"हो," बेबी म्हणाली. तिने ते लिहिलं होतं. मावशीने ते वाचलं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आणि माझी गाडी?" दातवाले ओरडले.

"ती आता प्रस्तावित," मावशी म्हणाली.

आयुक्तांनी हात वर करायला सांगितले. सगळी गल्ली हात वर करून उभी राहिली. दवाखान्यात सह्या केलेलेही त्यात होते, आणि या वेळी त्यांच्या तोंडात काही नव्हतं. दातवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "झाडावर पक्षी बसतात आणि खाली घाण करतात, याची नोंद घ्या." कारकुनाने घेतली.

सुनावणी संपल्यावर साहेबांनी बेबीला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा गंभीर होता. "मॅडम, तुम्ही कार्यालयाची अब्रू वेशीवर टांगलीत." मग दार लावून घेत म्हणाले, "आयुक्तांनी अभिनंदन केलंय. म्हणाले, इतक्या हरकती आणि सूचना या इमारतीत आजवर कधी आल्या नाहीत. तर अहवाल लिहा. कोपराचा उल्लेख मात्र टाळा."

"टाळणार नाही, साहेब."

बरीच ओढाताण झाली. शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं, 'संशोधकाच्या शारीरिक हस्तक्षेपामुळे नागरिकांत जागृती निर्माण झाली.' बेबीने ते वाचलं, हस्तक्षेप खोडून कोपर लिहिलं, आणि पुढे पोत्यातल्या सूचना वाचायला घेतल्या. त्यात गॅलऱ्या होत्या, गटारं होती, रात्रीच्या बसबद्दल एका नर्सने लिहिलेलं पानभर निवेदन होतं. वाचता वाचता बेबीचा चहा दोनदा गार झाला.

मावशी आणि काका आपल्या घरी परतले. फुटपाथवर झाड आलं. काठीएवढं, चार पानांचं, भोवती लोखंडी पिंजरा. तो पिंजरा इतका कुरूप होता, की मावशी आणि दातवाले आपापल्या दारात उभे राहून एकाच वेळी "काय हे!" म्हणाले. इतक्या वर्षांनंतर दोघांतला तो पहिला संवाद. त्याच आठवड्यात दोघांच्या सह्यांचा अर्ज बेबीच्या टेबलावर आला, पिंजरा बदलून मिळावा.

अर्ज येऊन पडला त्याच दुपारी मावशीचा फोन आला.

"बेबी, या झाडाला पाणी कोणी घालायचं? तुझ्या ऑफिसने, की आम्ही?"

"मावशी, त्याचं असं आहे. लागवड आमच्याकडे, निगा उद्यान विभागाकडे, आणि पाणी पाणीपुरवठ्याकडे. त्यांची एकत्र बैठक..."

"म्हणजे आम्हीच," मावशी म्हणाली, आणि फोन न ठेवताच तिने काकांना हाक मारली. बेबीने फोन कानापासून लांब धरला. तिकडून तीन घरांनी ओ दिली, आणि मग बादली भरल्याचा आवाज आला.